पहिला स्वेटर घरी विणायचा असेल, तर आधी टेप हातात घ्या

निवृत्त झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी विणकामाच्या सुया हातात घेतल्या, त्याला आता सहा वर्षे झाली. या काळात माझ्या हातून अकरा स्वेटर पूर्ण झाले, चार अर्धवट राहिले आणि तीन असे निघाले, की ते शेवटच्या टाक्यापर्यंत विणून झाल्यावर मला स्वतःलाच उसवावे लागले. मला शिकवले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांचा हात साठ वर्षांचा, त्यामुळे त्या सारे काही अंदाजाने करीत. “चार बोटे पट्टी झाली, की सुई बदला”, “पोटाला आले, की मुंढा घाला” (मुंढा म्हणजे बाही जोडण्यासाठी काखेपाशी टाके कमी करून केलेला बाक), अशा त्यांच्या सूचना असत. त्यांच्या अंदाजाने विणलेला स्वेटर अंगावर मापात बसे आणि त्याच अंदाजाने मी विणलेला स्वेटर शेजारच्या धिप्पाड गृहस्थांना द्यावा लागे. सुलट आणि उलट टाका आठवडाभरात कोणालाही येतो. घोडे अडते ते मापांच्या आणि टाक्यांच्या हिशेबापाशी, आणि तो हिशेब सहसा कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा लेख लिहिला आहे.

१. स्वेटर कोणासाठी आणि कोणत्या थंडीसाठी, हे आधी ठरवा

पुण्याची थंडी ही सिमल्याची थंडी नव्हे. आपल्याकडे सिमला आहे तो फक्त ‘सिमला ऑफिस’पुरता, म्हणजे १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून जिथे आले, त्या शिवाजीनगरच्या वेधशाळेपुरता. १९३५ च्या जानेवारीत पुण्याचा पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता हे खरे. पण एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० ते १२ अंश आणि दुपारी ३० च्या आसपास, असा आपला हिवाळा असतो. सकाळी पर्वती चढताना घातलेला स्वेटर दहा वाजता काढून हातात धरावा लागतो. त्यामुळे जाड लोकरीचा, बंद गळ्याचा, डोक्यातून घालायचा स्वेटर पुण्यात वर्षातून फार तर पंधरा दिवस अंगावर येतो. मोठ्या माणसासाठी विणायचे असल्यास मध्यम जाडीच्या लोकरीचा, पुढून उघडा व बटणांचा स्वेटर किंवा बिनबाह्यांचे जाकीट अधिक वापरले जाते.

तरीही पहिला स्वेटर बटणांचा करू नये. बटणपट्टी आणि काजे हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे. पहिल्यासाठी चार-पाच वर्षांच्या मुलाचा साधा स्वेटर किंवा स्वतःसाठी बिनबाह्यांचा स्वेटर निवडावा. अनेकजण बाळंतविड्यापासून सुरुवात करतात, कारण कुंची, टोपडे आणि मोजे लवकर होतात. ती सुरुवात चांगली आहे; मात्र बाळासाठी केसाळ लोकर वापरू नये, जाळीदार वीण घालू नये, कारण तिच्यात बोटे अडकतात, आणि गळ्याशी लांब बंद लावू नयेत.

वेळेचा हिशेबही आताच करून ठेवा. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरमध्ये, मध्यम जाडीची लोकर धरली, तर सुमारे पन्नास हजार टाके असतात. नवशिक्याचा वेग मिनिटाला वीस टाके धरला, तर निव्वळ विणण्याचे चाळीस-बेचाळीस तास होतात आणि त्यात उसवण्याचे तास धरलेले नाहीत. रोज तासभर बसणाऱ्याला दीड महिना लागेल असे वाटते, प्रत्यक्षात अडीच-तीन महिने लागतात. मी पहिला स्वेटर दसऱ्याला सुरू केला आणि तो रथसप्तमीला पूर्ण झाला, तेव्हा घरात पंखे सुरू झाले होते. सुरुवात श्रावणात करावी. पावसाने बाहेर पडणे होत नाही आणि विणकामाला तोच वेळ बरा असतो.

२. लोकर घेताना

पहिला सापळा शब्दातच आहे. आपल्या बाजारात सुईवर विणायच्या कोणत्याही मऊ धाग्याला ‘लोकर’ म्हणतात. त्यातला बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो, काही ॲक्रिलिक-लोकर मिश्र असतो आणि मेंढीची शंभर टक्के लोकर मुद्दाम मागितल्याशिवाय पुढे येत नाही. ॲक्रिलिक वाईट असते असे नाही. ते स्वस्त असते, मशीनमध्ये धुता येते, त्याला कसर लागत नाही आणि पुण्याच्या थंडीला पुरते. परंतु त्यात घाम शोषला जात नाही आणि काही धुण्यांनंतर त्यावर तंतूंचे बारीक गोळे येतात. खऱ्या लोकरीचा स्वेटर हलका आणि उबदार राहतो, पण त्याचे धुणे-वाळवणे सांभाळावे लागते. पहिल्या स्वेटरसाठी मी ॲक्रिलिक किंवा मिश्र धागाच सुचवीन, कारण तो अनेकदा उसवला तरी टिकतो.

शंका आल्यास धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढताच ती विझते आणि मागे उरलेली राख बोटांनी चुरगळते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची टणक काळी गुठळी होते. ही परीक्षा घरी करावी. दुकानात काडेपेटी काढली, की काय होते, ते मी अनुभवले आहे.

आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर या कामाला चालेल का, असे मला अनेकदा विचारले जाते. ती लोकर जाड आणि राठ असते. तिची घोंगडी उत्तम होते, पण स्वेटर अंगाला टोचतो. पुण्याच्या दुकानांत दिसणारे बरेचसे गुंडे लुधियानाच्या गिरण्यांचे असतात, त्यांत वर्धमान आणि ओसवाल ही नावे जुन्या विणणाऱ्यांच्या तोंडी असतात. खरेदीसाठी तुळशीबाग आणि लक्ष्मी रस्ता सोयीचे आहेत. जास्त माल घ्यायचा असेल, तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला चक्कर मारावी. शनिवार-रविवारी संध्याकाळी मात्र जाऊ नये, कारण रंग दिवसाच्या उजेडात बघायचा असतो आणि त्या गर्दीत दुकानदाराला गुंडे उलगडून दाखवायला सवड नसते.

गुंड्याच्या कागदी पट्टीवर शेड नंबर आणि लॉट नंबर असे दोन वेगवेगळे आकडे असतात. शेड नंबर म्हणजे रंग आणि लॉट नंबर म्हणजे तो धागा रंगवण्याची खेप. शेड एकच असला, तरी दोन खेपांच्या रंगात सूक्ष्म फरक असतो. तो हातातल्या गुंड्यांत दिसत नाही, पण विणल्यावर छातीवर आडवी रेघ ओढल्यासारखा दिसतो. मी एका दुकानातून राखाडी रंगाचे सहा गुंडे घेतले, महिन्याने आणखी दोन घेतले, आणि आज त्या स्वेटरच्या बाह्या मनगटापासून कोपरापर्यंत एका छटेच्या व कोपरापासून खांद्यापर्यंत दुसऱ्या छटेच्या आहेत. म्हणून सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे आणि अंदाजापेक्षा एक जास्त घ्यावेत, आणि न उघडलेला गुंडा परत घेणार का, हे आधीच विचारावे. मध्यम जाडीच्या लोकरीत मोठ्यांच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण ४५० ते ६०० ग्रॅम आणि तान्ह्या बाळाच्या स्वेटरला १०० ते १५० ग्रॅम धागा लागतो. गुंड्यांच्या कागदी पट्ट्या फेकू नयेत.

लोकर लडीच्या रूपात मिळाली, तर ती थेट विणायला घेऊ नये. घरातल्या कोणाच्या तरी दोन्ही हातांत लडी अडकवून, ते नसल्यास खुर्चीच्या पाठीवर घालून, तिचा सैल गुंडा करावा. घट्ट गुंड्यात धागा ताणलेला राहतो आणि विणलेला भाग नंतर आखडतो.

३. लागणारे साहित्य

– सुयांच्या दोन जोड्या: अंगासाठी ८ नंबर आणि कमर, मनगट व गळ्याच्या ताणणाऱ्या पट्टीसाठी १० नंबर
– कपड्याचा टेप आणि एक सपाट, ताठ मोजपट्टी
– क्रोशाची एक सुई, सुटलेले टाके उचलण्यासाठी
– बोथट टोकाची, मोठ्या नाक्याची सुई, भाग जोडण्यासाठी
– दोन-तीन मोठ्या सेफ्टी पिना आणि वेगळ्या रंगाचा सुती दोरा
– कात्री, वही आणि पेन्सिल

वही ऐच्छिक नाही. कितवी सुई (म्हणजे विणीची कितवी ओळ) चालू आहे, मुंढ्याला किती टाके कमी केले, हे डोक्यात राहील असे वाटते, पण मध्येच दाराची बेल वाजते.

सुयांच्या नंबरांत मोठा गोंधळ आहे. आपल्याकडे जुनी इंग्लिश पद्धत चालते आणि तिच्यात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक असते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत उलटे आहे: तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटर जाड असते. मोबाइलवर सापडलेल्या कृतीत ‘८ नंबर’ वाचून आपली ८ नंबरची सुई घेतली, तर स्वेटर एका वयाच्या मुलासाठी सुरू होतो आणि त्याच्या धाकट्या भावाला बसतो. नंबर विसरून मिलिमीटर बघावेत. ॲल्युमिनियमच्या सुया भरभर चालतात, पण त्यावरून टाके घसरतात. नवशिक्याला बांबूच्या बऱ्या पडतात.

४. चार गोष्टी हाताला बसू द्या

टाके घालणे, सुलट टाका, उलट टाका आणि टाके बंद करणे, एवढे चार प्रकार आले, की स्वेटर विणता येतो. शक्यतो एका व्यक्तीकडून शिका. धागा उजव्या हातात धरणारे आणि डाव्या हातात धरणारे असे दोन संप्रदाय आहेत आणि दोन्हींचे व्हिडिओ आलटून पालटून पाहिले, तर हात गोंधळतो.

सर्व सुया सुलट विणल्या, की दोन्ही बाजूंनी सारखी, उंचवट्यांची वीण येते. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणली, की समोरून गुळगुळीत, इंग्रजी ‘व्ही’सारख्या टाक्यांची साधी वीण येते. तिच्या कडा आपोआप वळतात, त्यात तुमची चूक नसते. एकाच सुईवर दोन सुलट, दोन उलट असे आलटून पालटून विणल्यास ताणणारी पट्टी तयार होते. ती कमरेला, मनगटाला आणि गळ्याला लागते.

सुरुवातीला सगळ्यांचाच हात घट्ट असतो. माझा धागा सुईवर इतका आवळलेला असे, की सासूबाई एकदा म्हणाल्या, “अहो जावईबापू, सुईला गळफास कशाला लावताय? तिने तुमचे काय वाईट केले?” धागा करंगळीभोवती एकदा गुंडाळून मग तर्जनीवरून सोडला, की ताण सारखा राहतो. पंधरा-वीस दिवस नुसत्या पट्ट्या विणाव्यात.

५. नमुन्याचा तुकडा विणल्याशिवाय स्वेटरचे टाके घालू नका

हे पायरीवजा प्रकरण सगळे टाळतात. मीही पहिली दोन वर्षे टाळले, आणि उसवलेले तिन्ही स्वेटर त्याच दोन वर्षांतले आहेत.

ज्या लोकरीचा स्वेटर करायचा, तीच लोकर, ज्या सुया वापरायच्या, त्याच सुया आणि जी वीण घालायची, तीच वीण घेऊन ३० टाक्यांचा, पाच इंच उंचीचा तुकडा विणावा. तो बंद करून कोमट पाण्यात बुडवावा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि ओढाताण न करता सपाट वाळवावा. वाळल्यावर कडेचे टाके सोडून मधल्या चार इंचांत आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी बसतात, ते ताठ मोजपट्टीने मोजावे. अर्धा टाका आला, तर तोही धरावा. ८ नंबरच्या सुईवर मध्यम लोकरीत साधारणपणे चार इंचांत २२ टाके आणि ३० ओळी येतात. पण हा छापील कृतींमधला आकडा आहे, तुमच्या हाताचा आकडा तुमचा तुकडाच सांगतो.

याने काय फरक पडतो, ते पाहा. छाती ३६ इंच आहे आणि आत शर्ट असणार, म्हणून चार इंच सैलपणा धरला, तर स्वेटरचा घेर ४० इंच, म्हणजे पुढचा भाग २० इंच आणि पाठ २० इंच. चार इंचांत २२ टाके, म्हणजे इंचाला साडेपाच, म्हणून २० इंचांना ११० टाके. आता समजा, तुमचा हात थोडा सैल आहे आणि चार इंचांत २२ ऐवजी २० टाकेच बसतात. मग तेच ११० टाके २२ इंच रुंद होतील आणि स्वेटरचा घेर ४४ इंच होईल. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक डोळ्याला दिसत नाही, तो चार इंचांचा होऊन अंगावर लोंबतो.

तुकड्यात टाके कमी बसले, तर बारीक सुई घ्यावी, जास्त बसले, तर जाड घ्यावी, आणि पुन्हा तुकडा विणावा. मुद्दाम हात घट्ट किंवा सैल ठेवून जुळवायला जाऊ नये, कारण क्रिकेटचा सामना रंगला, की हात आपल्या मूळ वळणावर जातो.

६. मापे आणि हिशेब

माणसाच्या अंगावरून मापे घेण्यापेक्षा त्याला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर टेबलावर पसरून मोजणे अधिक खात्रीचे असते. छातीची रुंदी, कमरेपासून मुंढ्यापर्यंतची उंची, मुंढ्याची खोली, दोन खांद्यांमधले अंतर, गळ्याची रुंदी, बाहीची लांबी आणि मनगटाचा घेर, एवढी मापे वहीत लिहावीत. मुलासाठी विणत असाल, तर डोक्याचा घेरही घ्यावा. तो का, ते पुढे येईल.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. १० नंबरच्या सुईवर ११० टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी अडीच इंच पट्टी विणावी. ११० हा आकडा येथे सोयीचा आहे, कारण चाराने भागून दोन उरतात आणि ओळीच्या दोन्ही टोकांना सुलट टाके येतात. मग ८ नंबरची सुई घेऊन साधी वीण सुरू करावी आणि पट्टीसह १५ ते १६ इंचांपर्यंत सरळ वर जावे. येथे मुंढा येतो. लागोपाठच्या दोन सुयांच्या सुरुवातीला सहा-सहा टाके बंद करावेत, म्हणजे ९८ उरतात. त्यानंतर प्रत्येक सुलट सुईवर दोन्ही कडांना दोन टाके एकत्र विणून एकेक टाका कमी करावा, असे सात वेळा, म्हणजे ८४ उरतात. साडेपाचाने भागल्यास ही रुंदी सव्वापंधरा इंच होते आणि खांद्यावर बरोबर बसते. मुंढा सुरू झाल्यापासून आठ-साडेआठ इंच झाले, की २५ टाके खांद्याचे, ३४ गळ्याचे आणि २५ दुसऱ्या खांद्याचे अशी वाटणी होते.

ही संख्या जशीच्या तशी उतरवून घेऊ नये. पद्धत घ्यावी, आकडे तुमच्या तुकड्याचे घालावेत.

७. पाठ आधी, पुढचा भाग नंतर

पाठीला गळ्याचा खोलगटपणा नसतो आणि किरकोळ चुका मागे राहतात, म्हणून पाठ आधी विणावी. पुढचा भाग मुंढ्यापर्यंत हुबेहूब तसाच असतो. खांद्याच्या उंचीपेक्षा अडीच-तीन इंच आधी थांबून मधले टाके सेफ्टी पिनेवर काढून ठेवावेत आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणत गळ्याकडे टाके कमी करीत जावे. उंची मोजण्यासाठी टेपवर विसंबू नका, ओळी मोजा. लोंबणारा भाग टेपने मोजला, की तो वजनाने ताणलेला असतो, आणि मग शिवताना पाठ एक इंच लांब निघते.

नवा गुंडा ओळीच्या मध्यात जोडू नये, कडेला जोडावा आणि सहा इंच टोक सोडावे. गाठ मारली, तर ती नेमकी छातीवर येते.

८. चुका होणारच, त्या कशा निस्तराव्यात

ओळीच्या शेवटी टाके मोजण्याची सवय ठेवा. निदान दर दहा सुयांनी तरी मोजा. टाके वाढले असतील, तर बहुधा ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे टाकला गेला आहे आणि पहिल्या टाक्याचे दोन दिसत आहेत, किंवा मध्येच धागा पुढे राहून जाळीचे भोक पडले आहे. टाके कमी असतील, तर एखादा सुटला आहे. सुटलेला टाका घाबरून ओढू नये. त्याला लगेच सेफ्टी पीन लावावी. खाली शिडीसारखे आडवे धागे दिसतात. क्रोशाची सुई टाक्यात घालून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून वर यावे, की टाका पुन्हा सुईवर बसतो. हे पहिल्यांदा जमले, त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला तो टाका दाखवला होता.

ओळीतले काही टाके पिळल्यासारखे दिसत असतील, तर सुई टाक्याच्या मागच्या पायातून, म्हणजे सुईच्या मागे असलेल्या धाग्यातून, जाते आहे. सुरुवातीलाच ही खोड मोडावी.

चूक वीस ओळी खाली सापडली, तर उसवावे लागते. त्यासाठी एक उपाय आधीपासून करता येतो. दर दोन-तीन इंचांनी, टाके बरोबर मोजून झाल्यावर, सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून तसाच सोडावा. पुढे काही बिघडले, तर सुई काढून बिनधास्त उसवावे, उसवण त्या दोऱ्यापाशी थांबते आणि टाके तिथे रांगेत वाट पाहत असतात. आता मी हा दोरा मुंढ्याच्या आधी घातल्याशिवाय पुढे जात नाही.

उसवलेली लोकर नागमोडी होते आणि ती तशीच पुन्हा विणली, तर वीण ओबडधोबड येते. खुर्चीच्या पाठीवर तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवावी आणि सावलीत टांगून वाळवावी. मेंढीची लोकर जवळजवळ पहिल्यासारखी होते, ॲक्रिलिकमध्ये थोडे वळण राहते.

उसवायचे की चालवून घ्यायचे, हा प्रश्न मात्र दर वेळी नव्याने पडतो. माझा नियम असा आहे, की वीण चुकली असेल आणि तीन फुटांवरून दिसत नसेल, तर पुढे जावे. माप चुकले असेल, तर त्याच दिवशी उसवावे. माप पुढे जाऊन सुधारत नाही, आणि आपण मनाशी म्हणतो, धुतल्यावर बसेल. ते बसत नाही.

९. बाह्या आणि गळा

दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन वेगळ्या गुंड्यांनी, एकदमच विणाव्यात. धागे थोडे गुंततात, पण टाके वाढवण्याच्या जागा आणि लांबी आपोआप सारखी राहते. वेगवेगळ्या विणलेल्या बाह्यांपैकी दुसरी नेहमी लांब होते, कारण तोपर्यंत हात सैल पडलेला असतो. आपल्या उदाहरणात मनगटाला ५० टाके घालून पट्टी विणावी आणि मग दर सहाव्या सुईला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत ८० टाक्यांपर्यंत जावे.

गळ्याचे टाके दोन्ही खांदे जोडण्याआधी, एकच खांदा जोडून, कडेने उचलावेत, म्हणजे साध्या सरळ सुयांवर पट्टी विणता येते. शेवटी टाके बंद करताना सर्वांत जास्त घात होतो. माझ्या नातवाचा पहिला स्वेटर मी चार महिने खपून विणला. वाढदिवसाच्या सकाळी तो त्याच्या डोक्यात घातला आणि तो कपाळाशी अडकला. पोर आत ओरडतेय आणि आम्ही दोघे दोन बाह्या धरून ओढतोय, असा तो समारंभ झाला. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, पाचव्या वर्षीच ते २० इंचांच्या आसपास जाते. म्हणून गळ्याचे टाके दोन नंबर जाड सुईने, अगदी सैल हाताने बंद करावेत आणि बंद केल्यावर टेपने गळा ताणून डोक्याच्या मापाशी पडताळावा. तान्ह्या बाळासाठी एका खांद्यावर दोन बटणे ठेवणे सर्वांत चांगले.

१०. जोडणी

भाग जोडण्याआधी ते ओले करून, मापात पसरून, टॉवेलवर वाळवावेत. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका; वीण चपटी, चकचकीत आणि निर्जीव होते आणि ती पुन्हा उठत नाही. मग खांदे, बाह्या, आणि शेवटी काखेतून खाली बाजूच्या शिवणी, या क्रमाने जोडावे. सुलट बाजू समोर ठेवून, दोन्ही कडांच्या आतल्या आडव्या धाग्यांतून आळीपाळीने बोथट सुई न्यावी आणि थोडे टाके झाल्यावर धागा हळूच ओढावा, म्हणजे शिवण दिसेनाशी होते. हे काम दिवसा करावे. रात्री काळ्या लोकरीवर केलेली माझी एक जोडणी सकाळी पाहिली, तर बाही उलटी बसली होती.

११. धुणे आणि ठेवणे

मेंढीच्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घुसळणे एकत्र आले, की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडासारखा, होतो. तो परत सैल होत नाही. असा एक स्वेटर आमच्या घरी मशीनमधून बाहेर आला आणि आता तो नातीच्या बाहुलीकडे आहे. थंड किंवा किंचित कोमट पाण्यात रिठ्याचे पाणी घालून, न चोळता, नुसते दाबून धुवावे. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि सपाट जागी सावलीत वाळवावे. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या वजनाने बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

पुण्यात खरी परीक्षा पावसाळ्याची असते. संक्रांतीनंतर स्वेटर न धुता कपाटात गेला, तर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर कसर येते आणि दमट हवेने वास धरतो. म्हणून फेब्रुवारीतल्या कोरड्या उन्हाच्या दिवसांत धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात घडी करून ठेवावा. हँगरवर लावू नये. डांबराच्या गोळ्या चालतात, पण लहान मुलांच्या कपड्यांजवळ मी वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवतो आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा घडी मोडून हवा देतो.

उरलेल्या लोकरीतली दहा-बारा हात लोकर कापून, तिची छोटी लडी स्वेटरच्या आतल्या शिवणीला सैल टाके घालून अडकवून ठेवा. ती स्वेटरबरोबरच धुतली जाते आणि त्याच्याबरोबरच फिकी होते, त्यामुळे चार वर्षांनी कोपर विरले, तर रफू करायला नेमका त्याच रंगाचा धागा हाताशी असतो.